फौजदारी तपास सुरू असताना परदेशप्रवास: कोण अडवू शकतं, कुठवर, आणि दाद कुठे मागायची

घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की पहिली धास्ती अटकेची असते. मुलगा दुबईत किंवा टेक्सासमध्ये नोकरीला असेल, मुलीचा पुढच्या महिन्यात विद्यापीठात प्रवेश असेल, तर पाठोपाठ दुसरी येते: आता बाहेर जाता येईल का? पोलीस ठाण्यात विचारलं तर बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं. "केस आहे ना, मग देश सोडता येणार नाही."

असा सरसकट नियम भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. परदेशी जाण्यापासून रोखण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत, प्रत्येकाचा अधिकारी वेगळा आणि मर्यादाही वेगळी. पोलीस पासपोर्ट जप्त करू शकतात, पासपोर्ट अधिकारी तो अडकवून ठेवू शकतो, न्यायालय जामिनाला अट घालू शकतं आणि तपास यंत्रणा लुकआउट सर्क्युलर, म्हणजे विमानतळावर माणसाला अडवण्याची सूचना, काढू शकते. आपल्यावर यातलं नेमकं काय लागू आहे हे न पाहताच लोक धावपळ करतात, भलत्याच दारात अर्ज देतात आणि महिने घालवतात. म्हणून आधी दार ओळखायचं.

हक्क आला कुठून

१९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवणारा कायदाच नव्हता. सरकारच्या मर्जीवर सगळं चालायचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो काढून घेता येणार नाही. त्यानंतर घाईघाईने पासपोर्ट कायदा, १९६७ आला.

दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधींना पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं: पासपोर्ट सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारण विचारलं. सरकारने कळवलं की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी कारण सांगता येत नाही. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने जो निकाल दिला, त्यावर या विषयातली पुढची सगळी इमारत उभी आहे. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धतीही न्याय्य आणि वाजवी हवी. ज्याचा हक्क काढून घेताय त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. तुमच्या वकिलाच्या अर्जात हा निकाल असतोच. तो तिथे का आहे, हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं.

पहिली पायरी: प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते कागदावर पाहा

एफआयआर, तपास, दोषारोपपत्र, न्यायालयाने घेतलेली दखल आणि खटला हे टप्पे वेगवेगळे आहेत आणि प्रवासाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(च) नुसार, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘एफ’ उपकलमानुसार, फौजदारी न्यायालयात गुन्ह्याची कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. यातले ‘न्यायालयात’ आणि ‘प्रलंबित’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. नुसता तपास चालू असणं म्हणजे न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असणं नव्हे.

हा मुद्दा परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या कार्यालयीन ज्ञापनात (म्हणजे खात्याच्या लेखी सूचनापत्रात) स्वतःच स्पष्ट केला आहे. नुसता एफआयआर किंवा तपासाधीन प्रकरण या उपकलमात बसत नाही. न्यायालयात प्रकरण नोंदलं जाऊन न्यायालयाने त्याची दखल घेतली असेल तरच कार्यवाही प्रलंबित समजायची. तरीही पोलीस पडताळणीत हवालदार एफआयआरचा क्रमांक पाहून प्रतिकूल अहवाल पाठवतो आणि पासपोर्ट कार्यालयाकडून कारणे दाखवा नोटीस येते. अशा नोटिशीला गप्प बसू नका. एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र दाखल नसल्याची ई-कोर्ट्सवरची (न्यायालयांच्या संकेतस्थळावरची) स्थिती आणि या ज्ञापनाची प्रत जोडून मुदतीत लेखी उत्तर द्या. अनेक प्रकरणं तेवढ्यावर सुटतात.

अर्जातल्या प्रश्नांना मात्र खरीच उत्तरं द्या. न्यायालयात खटला असताना ‘नाही’ लिहिलं तर तो पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली वेगळा गुन्हा होतो, आणि माहिती दडवून पासपोर्ट मिळवला हे तो पुढे अडकवण्याचं स्वतंत्र कारण ठरतं. साध्या मारामारीच्या खटल्यातल्या माणसाने एवढ्यावरून स्वतःचं प्रकरण चिघळवून घेऊ नये.

याच कलमात आणखी एक अडसर आहे. तुमच्यावर समन्स किंवा अटक वॉरंट निघालं असेल, किंवा देश सोडण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश असेल, तर त्या कारणानेही पासपोर्ट नाकारता येतो. जुन्या पत्त्यावर गेलेलं समन्स अनेकांना माहीतच नसतं. म्हणून ई-कोर्ट्सवर नावाने शोध घ्या आणि पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायालयात वकिलामार्फत चौकशी करा.

दुसरी पायरी: पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, आणि कुठल्या कागदावर

घराची झडती झाली आणि इतर कागदांबरोबर पासपोर्टही गेला, किंवा तपास अधिकारी तोंडी म्हणाला, "पासपोर्ट आणून द्या." हे सर्रास घडतं.

जानेवारी २००८ मध्ये सुरेश नंदा विरुद्ध सीबीआय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इथली रेघ ठळक ओढली. सीबीआयने झडतीत घेतलेला पासपोर्ट स्वतःकडेच ठेवला होता. न्यायालय म्हणालं, पोलीस कागदपत्र जप्त करू शकतात, पण पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) नुसार फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. तो विशेष कायदा असल्याने त्याला सामान्य फौजदारी प्रक्रिया संहितेपेक्षा वरचं स्थान आहे. जप्त केलेला पासपोर्ट पोलिसांनी दीर्घकाळ धरून ठेवला तर ते अडकवणंच होतं. त्यांना तो रोखायचा असेल तर पासपोर्ट अधिकाऱ्याकडे पाठवून तशी विनंती करावी. तो अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून निर्णय घेईल. निकाल जुन्या संहितेच्या कलम १०२ आणि १०४ वर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं अनुक्रमे १०६ आणि १०९ म्हणून आली आहेत.

व्यवहारात काय करायचं? पासपोर्ट मागितला तर लेखी मागणी मागा. द्यावाच लागला तर जप्ती पंचनाम्यात त्याचा क्रमांक लिहून घ्या आणि पोच घ्या. देण्याआधी सगळ्या पानांच्या, विशेषतः व्हिसाच्या पानांच्या, रंगीत प्रती काढून ठेवा. मग वकिलामार्फत न्यायालयात पासपोर्ट परत मिळण्याचा अर्ज करा. पोलिसांशी वाद घालून पासपोर्ट लपवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ‘तपासाला सहकार्य करत नाही’ हा शेरा एकदा केस डायरीत पडला की पुढे लुकआउट सर्क्युलरला तेच कारण दिलं जातं.

पासपोर्ट कार्यालयाने स्वतः पासपोर्ट अडकवला असेल, तर कलम १०(५) नुसार कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांची प्रत द्यावी लागते. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध किंवा जनहित यांना बाध येईल असं अधिकाऱ्याचं मत असेल तेवढाच अपवाद. प्रत मागा, आणि कलम ११ खालचं अपील मुदतीत करा. खटला प्रलंबित असला तरी कायद्यातला शब्द ‘अडकवू शकेल’ असा आहे, ‘अडकवेलच’ असा नाही. अधिकाऱ्याने डोकं चालवून निर्णय घेतला की छापील ठशाचं पत्र पाठवलं, यावर अपिलात भर द्या.

तिसरी पायरी: लुकआउट सर्क्युलर आहे का

लोकांना सगळ्यात जास्त त्रास या कागदाचा होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरवापरही याचाच होतो. लुकआउट सर्क्युलर कुठल्याही कायद्यातल्या कलमाखाली निघत नाही. गृह मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनांवर ते चालतं. सध्याचं एकत्रित ज्ञापन २२ फेब्रुवारी २०२१ चं आहे. पोलीस अधीक्षक, पोलीस उपायुक्त, सीबीआय, ईडी यांसारखे अधिकृत विनंतीकर्ते ब्युरो ऑफ इमिग्रेशनला लेखी विनंती पाठवतात आणि ब्युरो देशातल्या प्रत्येक इमिग्रेशन काउंटरवर नाव चढवतो. मुंबई असो, नागपूर असो की मोपा, पासपोर्ट वाचला गेला की पडद्यावर सूचना येते. ब्युरो फक्त अंमलबजावणी करतो. कारणाची जबाबदारी ज्याने मागणी केली त्याची.

मर्यादा कोणती? दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये ती नेमकी सांगितली आणि आजही देशभर तीच आधाराला घेतली जाते. दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा हवा, आणि आरोपी मुद्दाम अटक चुकवत असावा, किंवा अजामीनपात्र वॉरंट काढूनही न्यायालयात येत नसावा, आणि तो देश सोडून पळेल अशी शक्यता असावी. गुन्हा दखलपात्र नसेल तर माणसाला अडवता येत नाही. त्याच्या ये-जा करण्याची फक्त खबर मागता येते. ज्ञापनात याला अपवाद आहे: देशाची सुरक्षा, आर्थिक हित किंवा व्यापक जनहित धोक्यात येत असेल तर. हाच अपवाद यंत्रणा ताणून वापरतात, म्हणून याचिकेत तिथेच बोट ठेवायचं असतं.

पत्नीच्या छळाचं कलम ४९८अ, म्हणजे नव्या न्याय संहितेतलं कलम ८५, लागलेल्या अनिवासी नवऱ्यांच्या घरी या सर्क्युलरची भीती फार असते. तक्रारदार पत्नीला किंवा महिला आयोगाला थेट सर्क्युलर काढता येत नाही. ते पोलिसांना कळवू शकतात, निर्णय अधिकृत अधिकाऱ्याचा. मात्र नोटिसांना उत्तरच न देता परदेशात बसून राहिलात, तर सर्क्युलर निघणं स्वाभाविक आहे, आणि त्या बाईंची तक्रारही दाद न मिळता तशीच पडून राहते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची, पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आली तर ठरलेल्या तारखेला हजर राहा. तुम्ही परदेशात असाल तर ईमेलने उत्तर द्या, वकील पाठवा, व्हिडिओ कॉन्फरन्सने जबाब देण्याची तयारी लेखी कळवा. प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा. पुढे न्यायालयात तुम्ही पळून जाणारे नाही हे सांगायला हीच फाइल लागते.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे उपयोगाचे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने रिया चक्रवर्ती, तिचा भाऊ आणि वडील यांच्याविरुद्ध सीबीआयने २०२० मध्ये काढलेली सर्क्युलरं रद्द केली. सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अपील फेटाळलं गेलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने त्या प्रकरणी तपास बंद करण्याचा अहवाल दिला. म्हणजे ज्या प्रकरणात शेवटी दोषारोपपत्रही आलं नाही, त्यात एका कुटुंबावर साडेतीन वर्षं बंधन होतं. दुसरा निकाल एप्रिल २०२४ चा: सार्वजनिक बँकांच्या प्रमुखांना सर्क्युलर मागण्याचा जो अधिकार ज्ञापनाने दिला होता, तो न्यायालयाने रद्द ठरवला. कर्ज वसूल करायला बँकेकडे कायदे आहेत. कर्जदाराचं प्रवासस्वातंत्र्य स्वतःच गहाण धरण्याची मुभा तिला नको. बँकेच्या सर्क्युलरमध्ये अडकलेला असाल तर या मुद्द्यावरची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्या.

सर्क्युलरमध्ये नाव आहे का हे पाहायची जाहीर यादी नसते. बहुतेकांना काउंटरवरच कळतं. शंका असेल तर तपास अधिकारी आणि पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त यांना प्रवासाच्या तारखा कळवणारं पत्र आधीच द्या आणि सर्क्युलर असल्यास मागे घेण्याची विनंती करा. उत्तर न आलं तरी पोच लागलेलं ते पत्र बिनकामाचं नसतं.

चौथी पायरी: न्यायालयाची परवानगी

जामीन मिळालेल्यांना ही पायरी चुकत नाही. अटकपूर्व जामिनात ‘न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय भारत सोडू नये’ ही अट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२(२) मध्येच सुचवलेली आहे. आपल्या जामिनाचा आदेश शब्द न् शब्द वाचा. अट नसेल तर परवानगीचा प्रश्न वेगळा; असेल तर तिकीट काढण्याआधी अर्ज.

न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हा अर्ज गेला की सरकारी वकिलाचं म्हणणं मागवलं जातं. तपास अधिकारी जवळजवळ नेहमी लिहितो, "आरोपी पळून जाण्याची शक्यता आहे, अर्ज फेटाळावा." याला उत्तर विशेषणांनी देता येत नाही, कागदांनी द्यावं लागतं. कुठल्या देशात, कुठल्या शहरात, कुणाकडे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. परतीचं तिकीट किंवा त्याचं आरक्षण. कंपनीचं पत्र, विद्यापीठाचं प्रवेशपत्र किंवा दवाखान्याचे कागद. आधी परदेशी जाऊन वेळेवर परतल्याचे पासपोर्टवरचे शिक्के. इथे असलेलं घर, आईवडील, मुलांची शाळा. सोबत प्रतिज्ञापत्र: ओळखीबद्दल वाद घालणार नाही, गैरहजेरीत वकील काम चालवील, माझ्या कारणाने तारीख पुढे मागणार नाही, परतल्यावर इतक्या दिवसांत पासपोर्टच्या प्रती दाखल करीन. मधल्या तारखांसाठी हजेरीमाफीचा अर्ज त्याच दिवशी द्या. अनामत रक्कम किंवा जामीनदार देण्याची तयारी स्वतःहून लिहिली तर काम सोपं होतं. प्रवासाच्या किमान महिनाभर आधी अर्ज करा. म्हणणं यायलाच दोन-तीन तारखा जातात.

ठाणे जिल्ह्यातल्या एका गुन्ह्याचं उदाहरण इथे अर्जात आवर्जून देण्यासारखं आहे. आरोपी अनेक वर्षं अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणारा. ते कार्ड टिकवण्यासाठी त्याला तिकडे जाणं गरजेचं होतं, आणि परवानगी नाकारली गेली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला आठ आठवड्यांची मुभा दिली. न्यायालय जामिनाच्या अटी घालू शकतं, पण त्या अटी आणि त्यांचा हेतू यांचं प्रमाण जुळलं पाहिजे, आणि त्या प्रकरणात एफआयआर दाखल असणं हे एवढ्या प्रवासाच्या आड यायला नको, असं त्यात म्हटलं आहे.

दोषारोपपत्र दाखल झालं आहे आणि पासपोर्टच संपत आला आहे, अशी अडचण असेल तर २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्राची अधिसूचना, जीएसआर ५७०(ई), पाहा. न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर कलम ६(२)(च) ची आडकाठी सुटते आणि न्यायालयाने जितका काळ लिहिला असेल तितक्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आदेशात काळच लिहिला नसेल तर एक वर्षाचा मिळतो. म्हणून अर्जाच्या विनंतीत मुदत स्पष्ट मागा आणि आदेशात ती आली की नाही ते निकालाच्या दिवशीच वाचून पाहा. या एका ओळीअभावी दरवर्षी न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी माणसं मी पाहतो.

विमानतळावर अडवलं तर

काउंटरवरचा अधिकारी पासपोर्ट हातात ठेवून "जरा बाजूला बसा" म्हणतो. मग वरिष्ठ येतो, फोनाफोनी होते, सामान विमानातून उतरवलं जातं. आवाज चढवू नका. सर्क्युलर कुणाच्या विनंतीवरून आहे एवढं नाव विचारून घ्या: कुठली यंत्रणा, कुठलं शहर, जमल्यास गुन्हा क्रमांक. तेवढं मिळालं तरी वकिलाचं काम निम्मं होतं. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा रद्द केलेला शिक्का, वेळ, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. ज्या भागात फोटोला मनाई आहे तिथे मात्र नको, बाहेर आल्यावर काढा.

प्रवास रोखणं आणि अटक या वेगळ्या गोष्टी. काही सर्क्युलरांत फक्त जाऊ देऊ नका असं असतं, काहींत ताब्यात घेऊन यंत्रणेच्या हवाली करा असं. अटक केली असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक आहे. अटक नसेल तर तुम्ही घरी जाऊ शकता. तसं स्पष्ट विचारा: "मला अटक केली आहे का?"

२९ मार्च २०२२ रोजी पत्रकार राणा अय्यूब यांना मुंबई विमानतळावर लंडनला जाताना ईडीच्या सर्क्युलरवरून थांबवलं गेलं. ४ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने एक लाख रुपयांची अनामत आणि प्रवासाचा तपशील या अटींवर त्यांना जायची परवानगी दिली. सहा दिवसांत. हातात कागद तयार असले तर इतक्या लवकर दाद मिळू शकते.

सर्क्युलर हटवून घेताना

आधी ज्या अधिकाऱ्याने ते मागितलं त्याच्याकडे लेखी अर्ज. खटला किंवा तपास ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथेही अर्ज करता येतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१० च्या त्याच निकालात आहे. तिथे काम झालं नाही तर घटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यात केंद्र सरकार, ब्युरो ऑफ इमिग्रेशन आणि मूळ यंत्रणा या तिघांनाही पक्षकार करा. ब्युरो सुटला तर आदेश हातात असून काउंटरवर नाव तसंच राहण्याचा धोका असतो.

हा धोका खरा आहे, कारण २०२१ च्या ज्ञापनानुसार सर्क्युलर आपोआप संपत नाही. २०१० च्या नियमात त्याची मुदत एक वर्षाची होती. आता मूळ यंत्रणेने हटवण्याची विनंती पाठवेपर्यंत ते चालू राहतं. यंत्रणेने ठरावीक काळाने फेरविचार करावा असं ज्ञापनात आहे, पण त्यावर विसंबू नका. गुन्ह्यातून सुटका झाली, एफआयआर रद्द झाला, तडजोडीने प्रकरण मिटलं, तरी नाव यादीत राहिल्याने अडकलेले लोक भेटतात. म्हणून निकालाच्या प्रमाणित प्रती काढा, एक मूळ यंत्रणेला, एक ब्युरोला, दोन्हीकडची पोच घ्या आणि सर्क्युलर हटवल्याचं लेखी उत्तर मागा. ते येईपर्यंत परत न मिळणाऱ्या भाड्याचं तिकीट काढू नका. प्रवासाच्या दिवशी प्रमाणित प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नको, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचा.